पहिल्याच दिवशी मेलेला राक्षस

बैलबाजारात गिऱ्हाईक बैलाचे दात पाहण्याआधी त्याच्याभोवती एक चक्कर मारतं. शूटिंगवाला पहिल्यांदा आमच्या घरी आला तेव्हा त्यानं बाबांकडे तसंच पाहिलं. आधी समोरून, मग बाजूनं, मग जरा मागे सरकून. त्याच्याबरोबर दोन मित्र होते. त्यांतला एक हसू दाबत होता असं मला वाटलं. कदाचित तो खोकला असेल. पण त्या दिवसापासून मी त्या तिघांवर नजर ठेवून होते.

शूटिंगवाला लाखनीचा. लग्नांचे व्हिडिओ काढणं हा त्याचा धंदा. आता त्याला स्वतःचा पिक्चर काढायचा होता. देवदूत आणि सैतान यांची लढाई. तलवारी, पंख, आग, सगळं असलेला. कथा कुठे लिहिलेली आहे असं मी विचारलं, तर तो कपाळाला बोट लावून म्हणाला, "इथं हाये ना जी सारी. कागदावर लिवली का चोरी जाते." माझा संशय आणखी वाढला.

पण त्याला घरी आणलं होतं मीच. मी पवनीच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. माय चौथीपर्यंत शिकली, बाबा सातवीत थांबले. आमचं गाव आसगावच्या पलीकडे, धानाच्या बांध्यांमध्ये वसलेलं. शूटिंगवाला देवदूतांच्या फौजेसाठी पोरंपोरी शोधत आमच्या कॉलेजच्या गेटवर आला होता. बोलता बोलता तो म्हणाला, देवदूत ढिगानं भेटतात, सैतानाचा राजाच भेटत नाही, तसा आवाजच राहिला नाही कोणाचा. मी साधारणपणे अनोळखी माणसाशी बोलत नाही. त्या दिवशी तोंडातून निघून गेलं, "माझे बाबा राक्षस करतात."

पहिल्या वर्षाला असताना हीच गोष्ट मी मैत्रिणींपासून लपवली होती, हे इथे लिहिलं पाहिजे.

दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते. पाहुणे येतात, दुकानं लागतात आणि भर दुपारी दंडार होते. दंडार म्हणजे नाचगाण्याचं नाटक. आमच्या गावच्या दंडारीत शेवटी राक्षस येतो आणि देव त्याला मारतो. गेली कितीतरी वर्षं तो राक्षस म्हणजे माझे बाबा. दोन एकर धान पिकवणारे, ग्रामसभेत मागच्या रांगेत बसणारे, कोणाशी मोठ्यानं न बोलणारे. मुखवटा चढवला की मात्र त्यांचं हसू पाराच्या पलीकडे जातं. बायका पोरांचे कान झाकतात आणि स्वतः मात्र टक लावून पाहतात. गावात बाबांना काही मान असेल तर तो तेवढ्या दुपारीपुरता. पण तो असतो.

मुखवटा शिवणीच्या लाकडाचा आहे. वर्षभर तो आबाजींच्या घरी, देव्हाऱ्याजवळच्या खुंटीवर टांगलेला असतो. आबाजी आमच्या दंडार मंडळातले सगळ्यात जुने. त्या मुखवट्याचा एक नियम आहे. तो घातलेला राक्षस मेल्याशिवाय उतरवायचा नाही, आणि घालणाऱ्यानं स्वतः तर नाहीच. राक्षस पडला की आबाजींची घरवाली, जिला सगळं गाव आजी म्हणतं, हळदीचं पाणी शिंपडते आणि मुखवटा काढते. राक्षस जिवंत असताना मुखवटा काढला, तर तो लाकडातून निघतो आणि माणसात राहतो. एका मंडईला मध्येच अवकाळी पाऊस आला होता. सगळे पळाले. बाबा आणि देव झालेले काका दोघंच चिखलात उभे राहिले, कोणी पाहत नसताना त्यांनी लढाई पूर्ण केली, बाबा चिखलात मेले, आजी छत्री धरून आली, आणि मगच दोघं आडोशाला धावले. लहानपणी मला याचं हसू यायचं नाही. कॉलेजात गेल्यावर यायला लागलं.

शूटिंगवाल्याला बाबा आवडले, पण मुखवटा त्याहून जास्त आवडला. त्याच्याकडे बाजारातला रबरी मुखवटा होता, तो म्हणे कॅमेऱ्यात भोपळ्यासारखा दिसायचा. आम्ही आबाजींकडे गेलो. आबाजींनी त्याचं सगळं बोलणं ऐकून घेतलं आणि उत्तर मला दिलं.

"नेजो. पन एक सांगतो पोरी. राक्षस जिता माह्या घरात वापस यायचा नाही. मारून आनजो."

"पिक्चरमध्ये मरतेच तो, आबाजी."

"त्याचा शब्द नाही मांगून राहिलो मी. तुहा मांगून राहिलो."

मी शब्द दिला. त्यात मला अवघड असं काही दिसलं नाही.

शूटिंग दसऱ्यानंतरचे तीन दिवस होतं, गावाबाहेरच्या बंद पडलेल्या राईस मिलमध्ये. तिथे कोंड्याचे ढीग अजून पडून आहेत. एका ढिगाला आतून पेटवलं की दोन दोन दिवस नुसता धूर निघत राहतो. तो नरक. मिलसमोर बेहड्याचं झाड आहे, त्याच्या फांदीवरून दोर टाकून नागपूरहून आलेल्या एका ताईला वर ओढायचं, तो स्वर्ग. ती ताई मुख्य देवदूत होती. तिचे पंख पाहून मला शूटिंगवाल्याबद्दल पहिल्यांदा थोडं बरं वाटलं. बांबूच्या कमच्यांचा सांगाडा, त्यावर खताची पांढरी पोती फाडून शिवलेली आणि वरून बगळ्यांची गळलेली पिसं चिकटवलेली. तलावाकाठी फिरून त्यानं ती स्वतः गोळा केली होती म्हणे. पंखांच्या आतल्या बाजूला पोत्यांवरची छपाई तशीच होती. ताई वळली की "हुक लावू नये" असं स्पष्ट वाचता यायचं. म्हणून तो सारखा ओरडायचा, "ताई, पाठ नका दावू! देवदूत पाठ दावत नाही!"

पहिल्या दिवशी सकाळी त्यानं सांगितलं की ताईकडे आजचा एकच दिवस आहे. तेव्हा तिचे सगळे सीन आज, म्हणजे शेवटची लढाईसुद्धा आज.

बाबा मुखवटा हातात घेऊन माझ्याकडे आले. "पोरी, हा तं आताच मारून राहिला मले."

"हो बाबा. पिक्चर असाच काढतात. शेवटचं आधी, पहिलं मागून. नंतर कॉम्प्युटरवर जोडतात."

"मंग उद्या कोन येईल?"

"उद्या तुम्हीच."

"मेल्यावर?"

"पाहणाऱ्याला ते कळत नाही, बाबा. त्याला तुम्ही शेवटीच मेलेले दिसता."

बाबांनी मुखवट्याकडे पाहिलं. पाहणाऱ्यांचं जाऊ दे, याला कळेल त्याचं काय, असं त्यांना म्हणायचं असावं. पण त्यांनी ते म्हटलं नाही. शिकलेली पोरगी सांगते आहे म्हटल्यावर ते बोलत नाहीत. माझा त्यांच्यावर एवढा अधिकार आहे हे मला तेव्हा आवडलं होतं.

त्या दिवशी ते चांगले मेले. ताई दोरानं वरून उतरली, तलवार मारली, बाबा कोंड्यात पालथे पडले. मी बाटलीतलं पाणी शिंपडून मुखवटा काढला. हळद आणायची मी विसरले होते.

दुसऱ्या दिवशी राक्षस पुन्हा जिवंत होता; संध्याकाळी फौजेतल्या एका पोरानं तलवार टेकवल्यावर बाबा पडले आणि मगच मी मुखवटा काढला. तिसऱ्या दिवशी तो परत जिवंत. शेवटचा शॉट असा होता की सैतानाचा राजा धुरात, न पेटलेल्या ढिगावर उभा राहतो आणि जग जिंकल्यासारखा हसतो. बाबा हसले. मिलच्या पत्र्यांवरची कबुतरं उडाली. शूटिंगवाला दोन्ही हात वर करून ओरडला, "पॅकअप! झाला पिक्चर!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि वायरी गुंडाळायला घेतल्या.

बाबा ढिगावरून उतरले नाहीत. मुखवटा घालून तसेच उभे राहिले. मला वाटलं त्यांना ऐकू गेलं नसेल. मी वर चढले.

"बाबा, झालं."

ते हलले नाहीत. आता मला कळतं, ते वाट पाहत होते. कोणीतरी येऊन मारेल म्हणून. मी त्यांच्या डोक्यामागची गाठ सोडली आणि मुखवटा काढून घेतला. खाली बाबांचा चेहरा घामानं भिजलेला होता. ते माझ्याकडे पाहत राहिले.

संध्याकाळी मुखवटा धोतराच्या फडक्यात बांधून आम्ही आबाजींच्या घरी गेलो. आबाजी ओट्यावर बसले होते.

"मेला ना?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"मेला, आबाजी," मी म्हणाले. "चांगला मेला." ते खोटं नव्हतं. पहिल्याच दिवशी तर मेला होता. मुखवटा खुंटीवर गेला.

दुसऱ्याच दिवशी शूटिंगवाल्यानं मोबाइलवर एक छोटा व्हिडिओ टाकला. खाली लिहिलं होतं, "शूटिंगचा शेवटचा दिवस, शेवटचा शॉट". त्यात राक्षस ढिगावर उभा राहून हसतो. पॅकअपनंतरही कॅमेरा सुरूच राहिला होता; मग फ्रेममध्ये एक मुलगी येते, तशाच उभ्या राक्षसाच्या मागे जाते आणि मुखवटा काढते. माझी ओढणी त्यात ओळखू येत होती. दुपारपर्यंत तो गावातल्या प्रत्येक मोबाइलवर पोचला. आबाजींकडे मोबाइल नाही. त्यांना सुनेनं दाखवला.

आबाजी आमच्या घरी भांडायला आले असते तर बरं झालं असतं. ते आले नाहीत. मुखवटा तेवढा देव्हाऱ्याजवळून निघाला आणि त्यांच्या गोठ्यातल्या खांबाला गेला. हे मला मायनं सांगितलं. मायला विहिरीवर कळलं होतं.

कोजागिरीपासून दंडारीची तालीम सुरू होते. दर वर्षी कोणीतरी दारात येऊन "चाल ना गा राक्षसा" अशी हाक मारतं आणि बाबा आधीच दाढी करून बसलेले असतात. यंदाही ते दाढी करून बसले. पारावरून ढोलकीचा आवाज यायला लागला. हाक आली नाही. बाबांनी थोड्या वेळानं सदरा काढून खुंटीला लावला आणि बैलाला तनस टाकायला गेले.

मग मला सगळीकडे संशयच दिसायला लागला. शेजारच्या काकू कुंपणापलीकडून मायला म्हणाल्या, "तुमच्या घरचा मानूस अस्या नजरेनं काहून पाहून राहिला वो?" बाबा त्या वेळी फक्त त्यांच्या भोपळ्याच्या वेलाकडे पाहत होते. हलक्या धानाची कापणी सुरू झाली, तर कापणाऱ्या बायका बाबांच्या रांगेपासून दोन हात सरकून बसायच्या. एकीनं तर हसत हसत, पण खरंच विचारलं, "भाऊ, रातच्यानं झोप लागते ना?" बाबा मायच्या विनोदांवर गडगडून हसणारे होते. त्यांनी हसणं बंद केलं. ते हसले की लोक दचकायचे, म्हणून. आणि ते हसत नाहीत हे पाहून लोक आणखी दचकायला लागले.

माय रोज दिवेलागणीला त्यांच्यावरून मीठ-मिरच्या उतरवायची. कशासाठी ते बोलायची नाही. मी एकदा म्हणाले, "माय, तू पण?"

"मी काई म्हनून नाही राहिली," ती म्हणाली. "मीठ हाये घरात. उतरवून राहिली."

आता सगळ्यात अवघड भाग. मी पण बाबांकडे पाहायला लागले होते. पुस्तक समोर धरून त्यांच्यावर नजर ठेवायचे. ते गप्प का आहेत? जेवताना मध्येच घास धरून का थांबतात? आणि रोज दुपारी, ऊन कलायच्या आधी, रिकाम्या हातानं बोडीकडे का जातात? बोडी म्हणजे आमच्या शेताजवळचं छोटं तळं. तिथे त्यांचं काही काम नव्हतं. विळा नाही, दोर नाही, जनावर नाही. परत यायचे तेव्हा सदरा ओला असायचा. मी स्वतःला समजावत होते की मी त्यांची काळजी करते आहे. ती काळजी नव्हती. काकूंना जे वाटत होतं तेच मलाही वाटत होतं, फक्त मी ते कुंपणावरून बोलत नव्हते.

एका शनिवारी मी कॉलेजला गेले नाही. पोट दुखतं म्हणून सांगितलं आणि बाबा निघाल्यावर अंतर ठेवून मागे गेले. धुऱ्याच्या बांधाआड, उभ्या धानाच्या बाजूला बसले.

बाबा बोडीच्या पाळीवर पोचले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मग खांद्यावरचा दुपट्टा तोंडावर बांधला, डोळ्यांपुरती फट ठेवून. पाय फाकवून उभे राहिले आणि हात वर केले. मी धानात आणखी खाली वाकले. मग ते छातीवर हात दाबून मागे गेले, गुडघ्यावर आले आणि पाळीवर पालथे पडले. जसे मंडईत पडतात तसेच. थोडा वेळ पडून राहिले. सरपटत पाण्याशी गेले, ओंजळभर पाणी घेतलं, स्वतःच्या डोक्यावर शिंपडलं आणि दुपट्टा सोडला. बसले. विचार केल्यासारखं केलं. मान हलवली. पुन्हा दुपट्टा बांधला, पुन्हा उभे राहिले, पुन्हा मेले.

मी उठून त्यांच्याकडे गेले. लपण्यात आता काही अर्थ नव्हता.

"काय करता, बाबा?"

ते दचकले नाहीत. ओल्या दुपट्ट्यानं मान पुसत म्हणाले, "मरून पाहून राहिलो."

"मग?"

"होत नाही वो पोरी. आपलं आपन मरनं होत नाही. मारनारा लागते."

"तुम्हाला खरंच वाटतं, तो तुमच्यात..."

"मले नाही मालूम," बाबा म्हणाले. "आंदी वाटे का लोक येडे हायेत. मंग वाटलं, येवढे सारे मनतात तं आपन पाहून घ्यावं. हसू आलं का मीच थांबतो. मनतो, हे माहं हासू हाये का त्याचं?" थोडं थांबून ते म्हणाले, "तू पन पाहून राहिली ना माह्याकडे. आठ दिवसांपासून."

मी त्यांच्या हातातला ओला दुपट्टा घेतला आणि पिळला.

त्याच संध्याकाळी मी शूटिंगवाल्याला फोन लावला. दोनदा उचलला नाही. माझी खात्रीच झाली की त्याचं काम झालं, आता तो कशाला बोलेल. तिसऱ्यांदा उचलला.

"बोला ताई. लग्नात होतो."

मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "सीन पुन्हा घ्या लागते का? पन कॅमेरा भाड्याचा होता जी. वापस गेला."

"कॅमेरा नको," मी म्हणाले. "पंख पाहिजेत."

तो येईल असं मला वाटलं नव्हतं. पण दोन दिवसांनी दुपारी तो एकटाच मोटरसायकलवर आला, मागे पंख आडवे बांधलेले. वाटेतल्या प्रत्येक गावात लोक वळून पाहत होते म्हणे. आम्ही सगळे आबाजींच्या आंगणात गेलो. बातमी आमच्या आधी पोचली होती. कुंपणाभोवती माणसं, ओट्यावर बायका.

बाबांनी आबाजींच्या पाया पडून सांगितलं, "आबाजी, मले मारून टाका. जसं मारा लागते तसं."

आबाजींनी दंडारीत देव होणाऱ्या काकांकडे पाहिलं. काका मागे सरकले. "मी मंडईतला देव हाव. हा पिक्चरचा राक्षस. याले त्या नागपूरवालीनं मारलं, तिलेच बलावा."

"ताई पुण्याले गेली जी," शूटिंगवाला हळूच म्हणाला.

आबाजी म्हणाले, "शब्द कोनं देल्ला होता?"

सगळे माझ्याकडे वळले. आमच्या दंडारीत बाईचं कामसुद्धा पुरुषच लुगडं नेसून करतो. ओट्यावरून एक म्हातारी म्हणाली, "हे माय! पोरगी बापाले मारेल?"

बाबा म्हणाले, "मारू द्या ना काकी. कालेजात गेल्यापासून रोज बोलून बोलून मारतेच."

लोक हसले. कितीतरी दिवसांनी बाबांच्या बोलण्यावर कोणीतरी हसलं होतं. आबाजी हसले नाहीत. त्यांनी गोठ्यातून मुखवटा आणायला लावला.

शूटिंगवाल्यानं माझ्या पाठीला पंख बांधले. ते दिसतात त्याहून जड आहेत. बांबू खांद्यात रुततो. प्लायवूडची, चांदीचा कागद लावलेली तलवार त्यानं माझ्या हातात दिली आणि सवयीनं कानात म्हणाला, "पाठ नका दावू." पण लोक चारी बाजूंना होते. कोणालातरी "हुक लावू नये" दिसणारच होतं.

बाबांनी मुखवटा चढवला. समोर राक्षस उभा राहिला. पिक्चरमधलं देवदूताचं वाक्य मला बोलायचं होतं, आणि ते मी साफ विसरले. सगळे थांबले होते. मुखवट्याच्या आतून, फक्त मला ऐकू येईल असा आवाज आला, "उजवा पाय पुढं घे. मंग आठवते."

मी पाय पुढे घेतला. वाक्य आठवलं नाही. मी नुसतीच तलवार उचलली आणि त्यांच्या खांद्याला टेकवली.

राक्षस पडला नाही. तो हसला. दंडारीतलं हसू, बाबांचं सगळ्यात मोठं. "येवढ्यात मरत नाही मी!" तो गरजला आणि माझ्याकडे एक पाऊल आला.

बाबांनी हे माझ्यासाठी केलं होतं, मी टेकवलेल्या तलवारीनं कोणाचं समाधान झालं नसतं म्हणून, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मला ते कळलं नाही. त्या क्षणी, मी बी.ए.ची पोरगी, त्या लाकडी दातांकडे पाहत होते आणि मला शंभर टक्के वाटलं की आत बाबा नाहीत. मी जीव खाऊन मारलं. प्लायवूड खांद्यावर मोडलं. अर्धी तलवार कुंपणापर्यंत उडाली. राक्षस मागे गेला, गुडघ्यावर आला आणि पालथा पडला.

आजी तांब्या घेऊन आली. तिनं हळदीचं पाणी शिंपडलं, गाठ सोडली, बाबांना कुशीवर वळवून मुखवटा काढला. सगळे वाकून पाहत होते. मीही. मी आधी डोळेच पाहिले.

बाबा डोळे चोळत उठून बसले. "आजी, डोयात गेली ना वो हळद! थोडी कमी टाकत जा."

आबाजींनी मुखवटा आजीच्या हातून घेतला, फडक्यानं पुसला आणि स्वतः घरात नेला. गोठ्यात नाही.

नंतर पंख सोडवताना मी शूटिंगवाल्याला म्हणाले, "मोबाइल दाखवा." त्यानं न विचारता खिशातून काढून दिला. मी पाहिलं. त्या दुपारचं त्यात काहीच नव्हतं. "काढावा वाटला होता," तो म्हणाला, "पन डेअरिंग नाही झाली." मला ओशाळल्यासारखं झालं. तरी पूर्ण विश्वास बसला असं म्हणता येणार नाही. पिक्चरचं एडिटिंग अजून सुरूच आहे असं तो सांगतो. असेलही. आमच्या गावात त्याचं एकही दृश्य कोणी पाहिलेलं नाही, त्या एका छोट्या व्हिडिओशिवाय. तो त्यानं काढून टाकला.

दुसऱ्या दिवशी तालमीची हाक आली नाही. तिसऱ्या दिवशी आली. "चाल ना गा राक्षसा, का अवतन पायजे तुले?" बाबांचा डावा खांदा काळानिळा झाला होता. त्यांनी सदरा घातला आणि तसेच गेले. दाढी करायचं राहून गेलं.

मंडईला मी बायकांमध्ये बसले होते. दुपारी दंडार रंगली. देव झालेल्या काकांनी गदा मारली, राक्षस पडला. दर वर्षी या जागी लोक उठायला लागतात, चपला शोधतात. यंदा कोणी उठलं नाही. सगळे बाबांकडे पाहत होते, नीट मेले की नाही ते. आजीनं हळदीचं पाणी शिंपडलं, मुखवटा काढला. बाबा हलले नाहीत. आजी थोडा वेळ थांबली, मग मुखवटा घेऊन गेली. बाबा धुळीत तसेच, गाल जमिनीला लावून, डोळे मिटून. ढोलकी थांबली. मी उठून उभी राहिले. मायनं माझी ओढणी धरून मला खाली बसवलं.

शेवटी देव झालेले काकाच वाकले आणि त्यांच्या दुखऱ्या खांद्याला हलकेच हात लावून म्हणाले, "ऊठ ना गा आता. पटलं सगळ्यायले."